उन्हाळ्याची रेघ

बकऱ्यांच्या बाजारात मला शिव्या देणारे खूप आहेत. भाव पाडतो, चटकन तापतो, ठरलेल्या सौद्यातून कोणाला मागे फिरू देत नाही, असं माझ्याबद्दल बोलतात आणि ते खरं आहे. पण एक शिवी मला माझ्या वैऱ्यांनीही कधी दिली नव्हती. पाणी पाजणारा. बाजाराच्या दिवशी सकाळी बकऱ्याला मीठ कालवलेलं कुटार, म्हणजे भुसा, चारायचं, मग ते तहानेनं पोट तट्ट होईपर्यंत पाणी पितं आणि काट्यावर दीड-दोन किलो जास्त भरतं. घेणाऱ्याच्या घरी पोचेपर्यंत ते वजन मुतून जातं. माझ्या बापाकडे एकही बकरी नव्हती. मी दुसऱ्यांची बकरं हाकत बाजारात यायचो. तिथून आज अकोल्या-हिंगोलीचे व्यापारी माझ्या गोठ्यावर येतात, ते या एका गोष्टीच्या जोरावर. माझं बकरं घरी नेऊन पुन्हा तोलावं लागत नाही.

ती शिवी मला माझ्या मुलीनं दिली. माझ्याच अंगणात, परक्या माणसासमोर.

मुलगी विद्यापीठात शिकते. काय शिकते हे मी गावात फारसं सांगत नसे, कारण डायनासोर म्हटलं की पारावरची माणसं हसत. "तुही पोरगी मेलेल्या जनावराचा बाजार भरवते का गा?" असं एकानं विचारलं होतं. मी त्याच्याशी वर्षभर बोललो नाही. पण एकदा ती सुटीत घरी आली तेव्हा मीच तिला बसवून विचारलं, की बाई, तू नेमकं करतेस काय?

तिनं मोबाइलवर एक फोटो दाखवला. दगड झालेल्या मांडीच्या हाडाची कागदासारखी पातळ चकती, आणि तिच्यात झाडाच्या बुंध्यात असतात तशा गोल रेघा. वाईट दिवसांत जनावराची वाढ थांबते, तेव्हा हाडात अशी एक गडद रेघ उरते, असं ती म्हणाली. रेघा मोजल्या की वय कळतं. हाडाच्या जाडीवरून वजनाचा अंदाज येतो. वय आणि वजन मिळालं की कागदावर एक टिंब पडतं. अशी टिंबं जोडणारी रेघ गणितानं काढायची. ती रेघ आधी आडवी पडलेली असते, मग उभी चढते आणि मग परत आडवी होते. जनावर किती मोठं होणार, किती झपाट्यानं होणार आणि सगळ्यात जास्त कधी वाढणार, हे तीन आकडे सापडले की अख्ख्या जनावराची वाढ हाती येते.

हे मला लगेच समजलं. करडू आधी दूध पितं, मग धावतं, मग बसतं, म्हणजे त्याचं वजन चढायचं थांबतं. बसायच्या जरा आधी जो विकतो तो शहाणा. माझा सगळा धंदा त्या वाकणावर आहे.

"टिंबं किती भेटली तुले?" मी विचारलं.

"या जातीची? चार."

"चार टिंबं, अन् त्याच्यावर अख्ख्या जनावराचा सौदा?"

"हाव."

"अन् म्हाताऱ्या जनावराचं टिंब?"

"नाई भेटलं. म्हातारं हाडच नाई सापडलं."

"मंग रेघ वर कुठं थांबते हे कोन सांगते?"

"गणित सांगते."

"अन् गणितानं थाप मारली तं?"

ती हसली. "म्हणून तं तुमची बकरं पायजे, बाबा."

तिचा बेत असा होता. ज्यांचं वय आणि वजन आपल्याला पक्कं माहीत आहे अशी जिवंत जनावरं घ्यायची. जन्मापासून त्यांचं वजन करत राहायचं. मग त्यांची हाडं घेऊन, जणू काही माहीतच नाही असं समजून, डायनासोरला लावतात तेच गणित त्यांना लावायचं. गणितानं सांगितलेली वाढ आणि काट्यानं दाखवलेली वाढ जुळली, तर डायनासोरबद्दल बोलायला तोंड. नाही जुळली, तर चूप बसायचं. त्या हिवाळ्यात माझ्याकडे झालेल्या करडांपैकी सहा नर मी तिच्या नावानं वेगळे केले आणि कानाला लाल दोरा बांधला.

दर दुसऱ्या रविवारी ती यायची. आड्याला काटा टांगायचा, पोत्याची झोळी करून करडू त्यात घालायचं आणि सुई थांबली की आकडा घ्यायचा. हिवाळाभर मीच झोळी धरली. उन्हाळ्यात मात्र मी घरी नव्हतो. बकरी ईदच्या आधीचे बाजार म्हणजे आमची सुगी. मी आज अनसिंगला, उद्या कामरगावला, असा हिंडत होतो. ते रविवार मायलेकींनीच केले.

दिवाळीनंतर तिनं मला वजनांचा आलेख पाठवला. सहाही करडं उन्हाळाभर सरळ चढत गेलेली. मी खूश झालो. आमच्याकडे वैशाखात रान भाजून निघतं. बाभळीच्या शेंगा संपल्या की बकरू जागचं हलत नाही, उलट उतरतं. माझी करडं उतरली नव्हती. अकोल्याचा एक व्यापारी आला तेव्हा मी त्याला तो आलेख दाखवला. "पाह्य, माह्या गोठ्यातला माल उन्हाळ्यातबी थांबत नाही." तो मान हलवत राहिला. मी आलेखाच्या जोरावर भाव चढवला, आणि यात मला आजही काही गैर वाटत नाही. मुलीनं पाठवलेला कागद खरा, असंच मी धरून चाललो होतो.

मग हाडांची वेळ आली. बोकड वर्षाचे झाले होते. मी ते मटणाच्या दुकानदाराला देणार होतो, पण मांडीचं हाड अख्खं परत पाहिजे या अटीवर. तो तयार होईना.

"शेठ, नळी गेली तं गिऱ्हाईक जाते. लोक नळीसाठी तं रांग लावतात."

"तुले बोकड पायजे का नाई?"

"पायजे. पण नळीसकट."

आम्ही दुपट्ट्याखाली हात घातले. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे आजूबाजूच्यांना कळत नाही. त्यानं माझी बोटं दाबली, मी झटकली. पुन्हा दाबली, पुन्हा झटकली. शेवटी मी भाव चांगलाच उतरवला, तेव्हा कुठे त्यानं मान डोलावली. हाडांसाठी भाव उतरवलेला आयुष्यातला तो माझा एकच सौदा. सहा हाडं उकळून, वाळवून, दोऱ्यानं खुणा करून मी स्वतः मुलीला नेऊन दिली.

महिन्याभरात ती आणि तिचे सर जीप करून आले. सर शांत माणूस, हळू बोलणारे. मी खाट टाकली, चहा सांगितला. सरांनी हाडांच्या चकत्यांचे फोटो दाखवले. सहाही चकत्यांत, एकाच जागी, एक गडद रेघ. पहिल्या उन्हाळ्याची.

"म्हणजे उन्हाळ्यात वाढ थांबली होती," सर म्हणाले. "हाड तसं सांगतं. पण वजन सांगतं की वाढ थांबलीच नाही. दोन्ही खरं असू शकत नाही."

मी म्हटलं, "बरं."

"रेघ म्हणजे वाढ थांबल्याची खूण, यावरच डायनासोरच्या वयाचं सगळं गणित उभं आहे. हिला पुढच्या महिन्यात समितीपुढे उभं राहायचंय. हा फरक का पडला ते सांगता आलं नाही, तर बकऱ्यांचा सगळा भाग काढून टाकावा लागेल. मग नवीन करडं, पुन्हा पहिल्यापासून." ते थांबले. "काका, एक विचारू का? उन्हाळ्यात वजनाच्या आधी जनावरांना काही पाजलं जात होतं का?"

मी मुलीकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. प्रश्न तिचा होता, फक्त तोंड सरांचं होतं.

"तू बोल," मी म्हणालो. "तुह्या तोंडानं बोल."

"बाबा, रेघ खोटी नाई. सहाच्या सहा हाडांत हाय."

"मंग?"

"मंग वजन खोटं हाय. अन् तो आलेख तुमी अकोल्याच्या व्यापाऱ्याले दाखवला होता. तुमीच सांगितलं होतं मले फोनवर."

"मी उन्हाळ्यात घरी तरी होतो का?"

"तुमी नव्हते. पण सांगून गेले असान."

काटा खुंटीला होता. तो काढून मी अंगणातल्या दगडावर कधी फेकला ते मलाही कळलं नाही. काट्याचा हूक वाकला, काच फुटली. सर उभे राहिले. बायको दारात उभी होती, चहाचे कप घेऊन दोन पावलं मागे सरली. मला वाटलं, माझ्या रागाला घाबरली.

"उठा सर," मी म्हणालो. "या घरात पाणी पाजत नसतात. चहा पाजतात. तो पिऊन घ्या अन् निघा."

मुलगी न जेवता गेली. त्यानंतर तिचे फोन यायचे, पण आईला.

मी रात्रंदिवस एकच गोष्ट चघळत होतो. शंका येणं मला समजतं. मी स्वतः प्रत्येक जनावराच्या कुशीखाली हात घालून पाहतो, सख्ख्या भावाचं असलं तरी. पण मी आधी विचारतो. एकट्याला विचारतो. ती माणूस घेऊन आली. जशी पोलिसपाटलाला घेऊन येतात तशी.

पाणी मात्र कोणीतरी पाजलं होतं. हाड खोटं बोलत नाही, हे मला तिच्याइतकंच कळत होतं. मी आधी राखण्याला धरलं. आमची बकरं चारतो तो म्हातारा. तो शांतपणे काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "बकऱ्याले मीठ चारायले मीठ घ्या लागते, मालक. तुमी मले बिडीले पैसे देत नाई." मी त्याला सोडून दिलं.

मग एका संध्याकाळी जेवताना मी मोठ्यानं बोललो. "येत्या रविवारी मी नव्या करडांचं वजन करून राह्यलो. आकडे सरले पाठवतो. पाहू कोन खोटं हाय ते." फेकलेला काटा मी ठोकून सरळ केला होता, किराणा दुकानातल्या मापांनी तपासला होता. बायको भाकरी वाढत होती.

रविवारी सकाळी मी बाजारातून आल्यावर तोलू असं सांगून निघालो, फाट्यापर्यंत गेलो आणि शेतातून परत आलो. गोठ्यात बायको घमेल्यात कुटार कालवत होती. बाजूला मिठाची पिशवी आणि पाण्याची बादली. करडं घमेल्यात तोंडं घालून खात होती.

माझी सावली घमेल्यावर पडली, तशी तिनं वर पाहिलं.

ती घाबरली नाही. पदराला हात पुसत म्हणाली, "तुमी काहून आले वापस?"

"हे काय करून राह्यली?"

"वजन हाय ना आज."

"मंग?"

"मंग काय? भरली पायजेत ना. मागच्या उन्हाळ्यात करडं खपाट झाली होती. पोरगी काट्याकडे पाहे अन् कपाळाले आठ्या घाले. आकडा वहीत लिहे अन् आठ्या घाले. मले वाटलं मार्क कापून राह्यले तिचे."

"कशाचे मार्क?"

"परीक्षेचे! तुमी बाजारात एका किलोसाठी माणसाच्या अंगावर जाता. मंग वजन कमी म्हणजे नापासच ना? मी काय शिकली हाय का?"

मी खाली बसलो. माझ्याच गोठ्यात, माझ्याच बकऱ्यांना. आणि धडा कुठला, तर माझाच. वजन जास्त म्हणजे चांगलं, हे त्या घरात ती माझ्याशिवाय कोणाकडून ऐकणार?

"अन् त्या दिवशी सर आले तवा चूप काहून राह्यली?"

"तुमी काटा फेकला. मी बोलली असती तं मलेबी फेकलं असतं."

"फोन लाव."

"तुमीच सांगा. मले नाई होत."

"मी सांगितलं तं ती म्हणीन, बापानं मायच्या माथी मारलं. तुलेच बोला लागीन."

दुपारपर्यंत ती फोनकडे फिरकली नाही. झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. घासलेली भांडी पुन्हा घासली. मी खाटेवर बसून होतो आणि मोबाइल आमच्या मध्ये ठेवला होता. माझ्या मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होतं, तूच फोन कर, आपलं नाव धुऊन घे. दुसरं म्हणत होतं, हिची लेकीसमोर मान खाली गेली तर तुझं नाव धुऊन काय करायचंय? समितीचा दिवस जवळ येत होता. मुलीला हे कळलंच पाहिजे होतं, आणि आजच.

शेवटी तीच येऊन बसली. मुलीनं फोन उचलला.

"पोरी, मी पाजत होती पानी. मीठ घालून. तुह्या बाबाले काही माहीत नव्हतं."

मोबाइल स्पीकरवर होता.

मग मुलगी म्हणाली, "आई, कोणत्या भांड्यानं?"

"काय?"

"मीठ किती, कुटार किती? घमेलं तेच हाय का घरी?"

"हाव, तेच."

"ते धू नको. मी उद्या येतो."

ती एकटी आली. आल्यावर माझ्या पाया पडली, नेहमीसारखी, आणि सरळ गोठ्यात गेली. मग दोन दिवस आमचा गोठा म्हणजे प्रयोगशाळा झाली. सकाळी उपाशी करडं तोलायची. मग बायकोनं नेहमीसारखं, नेहमीच्याच मुठीनं मीठ घालून कालवायचं. करडं पाणी पिऊन झाली की पुन्हा तोलायची. मायलेकी हसत होत्या. "आई, ही मूठ मोठी झाली." "ऊन वाढलं का मी मीठ वाढवे." "कधीपासून?" "हनुमान जयंती झाली तवापासून." मी झोळी धरून उभा होतो. सुई थांबायची तेव्हा आम्ही तिघेही श्वास धरायचो. पोटातल्या पाण्याचं वजन एकसारखं येईना, कोणी सव्वा किलो, कोणी दोनच्या जवळ.

संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसली आणि मागच्या उन्हाळ्याच्या वजनातून पाणी वजा करू लागली. पाणी नेमकं किती हे माहीत नव्हतं, म्हणून त्या दिवसांत टिंबाच्या जागी छोटी उभी काडी आली. वजन या काडीत कुठेतरी, असं. चढत गेलेली रेघ वैशाखात अडखळली, सपाट झाली, पाऊस पडल्यावर पुन्हा उठली. हाडातल्या गडद रेघेच्या बरोबर जागी.

"बसलं का?" मी विचारलं.

"बसलं. पण काड्या लांब हायत. समिती काय म्हणते ते पाहू." तिनं सरांना फोन केला. सर बराच वेळ बोलले. ती "हो सर, हो सर" म्हणत राहिली. मग फोन ठेवून म्हणाली, "चालीन म्हणतात. जसं झालं तसं पूर्ण लिहायचं. उन्हाळ्याचे आकडे दुरुस्त केले, कसे केले, सगळं. अन् या वर्षी नवीन करडांचा उन्हाळा पुन्हा तोलायचा, म्हणजे पक्कं होईन."

बायको उठून आत गेली आणि देवाजवळ बसली. मी तिथेच होतो. मुलीनं लॅपटॉप मिटला. मी वाट पाहत होतो. ती घमेल्याबद्दल बोलली, मिठाबद्दल बोलली, समितीबद्दल बोलली. मला जे पाहिजे होतं त्याबद्दल बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना ती म्हणाली, "बाबा, यावर्षीची करडं द्याल ना? अन् नंतर हाडं?"

मी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि माझ्या उजव्या हातावर टाकला. ती लहानपणी बाजारात माझ्या शेजारी बसून हे पाहत असे. तिनं हसून हात आत घातला.

"माह्या अटी हायत," मी म्हणालो.

"बोला."

"वजनाच्या आदल्या रात्री बकरं मी बांधीन. तोलेपर्यंत कोनी जवळ जायचं नाई. तुही मायबी."

"मंजूर."

"झोळी मी धरीन. ईद असो का काही असो."

"मंजूर."

"अन् पुन्हा माह्यावर शंका घ्यायची नाई."

तिचा हात दुपट्ट्याखाली थांबला. तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. डोळे माझेच आहेत तिचे, घासाघीस करताना बारीक होणारे.

"ते नाई होणार, बाबा. आकडा जुळला नाई तं मी विचारीनच. सरले विचारीन, आईले विचारीन, तुमालेबी."

"मंग करडं नाई."

"पण तुमाले आधी विचारीन," ती म्हणाली. "सरच्या आधी. एकट्याले."

जीप फाट्यावर उभी होती, हॉर्न वाजत होता. मी तिची बोटं झटकू शकलो असतो. तीस वर्षांत मला एक गोष्ट कळली आहे, समोरच्यानं शेवटचा आकडा कधी सांगितला ते. यापुढे ताणलं की माणूस उठून जातो.

मी तिचा हात दाबला आणि दुपट्टा परत खांद्यावर टाकला. "चल," म्हणालो, "जीप जाईन." तिची पिशवी उचलून मी पुढे चालू लागलो.